इराप्पाने लिनक्स टाकलं त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव इराप्पा. गावच्या सार्वजनिक वाचनालयात तो झाडलोट करायचा, पाणी भरायचा, वर्तमानपत्रं मांडायचा. वाईट खोड एकही नव्हती. तंबाखू नाही, खोटं बोलणं नाही, कामात अंगचोरी नाही. फक्त सांगितलेलं करायचा. सांगितलं असेल तेवढंच करायचा आणि सांगितलं असेल तसंच करायचा. शिवाय एकदा सांगितलेलं जन्मात विसरायचा नाही. गावाची पंचाईत तीच होती.

वाचनालयाचे ग्रंथपाल कुंभार गुरुजी एकदा म्हणाले होते, "इराप्पा, पेपर आला की लगेच टेबलावर ठेवत जा." एका रविवारी टेबलाला ताजा रंग दिला होता. पेपर आला. इराप्पाने तो टेबलावर ठेवला. त्या टेबलावर अजूनही राशिभविष्य वाचता येतं, फक्त उलटं.

तर या वाचनालयात एक खोली संगणकांची होती. तीन संगणक. कुणीतरी कधीतरी देणगी दिलेले. आता ते इतके म्हातारे झाले होते की सकाळी चालू केले तर दुपारी चालू व्हायचे. त्यामुळे एक साधा अर्ज भरायलाही गावातल्या पोरापोरींना एसटीने तालुक्याला जावं लागायचं.

वाचनालयाचे अध्यक्ष शिवगोंडा अण्णा. त्यांचं खतांचं दुकान होतं. दुकानात पोती मावत नव्हती आणि खोली तर दिसत होती.

"डबडी भंगारात घाला," अण्णा म्हणाले. "खोलीत पोती ठेवू."

"आणि मी अण्णा?" इराप्पाने विचारलं.

"खोली बंद झाली की शिपायाचं काय काम? पोत्यांना काय तू पेपर वाचून दाखवणार?"

इराप्पा त्या रात्री जेवला नाही. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे काम त्याला आवडत होतं.

याच सुमाराला ऋतुजा सुट्टीला गावी आली. कोल्हापूरला इंजिनिअरिंग शिकत होती. तिला कुठलीही गोष्ट उद्यावर गेलेली खपत नसे. भंगाराचं कानावर पडताच ती तडक वाचनालयात आली.

"अण्णा, हे संगणक मेलेले नाहीत. त्यांच्यावर जी विकतची प्रणाली आहे तिचं ओझं त्यांना झेपत नाही. मी तिच्या जागी लिनक्स टाकते. हलकं आहे, चांगलं आहे आणि फुकट आहे. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलंय."

"फुकट?" अण्णांनी डोळे बारीक केले. "मग त्यांना काय मिळतं?"

"आनंद."

अण्णांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी छताकडे पाहिलं.

"हे बघ पोरी, तू शिकलीयास, तुला जमंल. तू गेल्यावर मागं कोण? हितल्या साध्या माणसाला जमलं तर त्याला अर्थ."

"जमेल की. कुणालाही जमेल."

"कुणालाबी?" अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. इराप्पा खिडकी पुसत होता. तिला काच नव्हती. खिडकी पूस असं सांगितलं होतं म्हणून तो पुसत होता.

"ह्याला जमंल?"

सगळे हसले. ऋतुजा हसली नाही. म्हणाली, "जमेल."

"मग ठरलं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तालुक्याहून निरीक्षक मॅडम येणार. त्यांच्यासमोर इराप्पानं एकट्यानं एका संगणकावर तुझं ते टाकून दाखवायचं. तू हात लावायचा न्हाई. जमलं तर खोली तुमची. न्हाई जमलं तर पोती आत."

इराप्पाने मान डोलावली. आपली नोकरी आता आपल्याच हातात आहे हे त्याला कळलं, आणि बाकीच्यांनाही. बाकीचे त्यामुळेच काळजीत पडले.

ऋतुजाने दुसऱ्याच दिवशी शिकवायला घेतलं.

"मामा, या डब्याच्या आत डिस्क असते. यंत्राचं सगळं तिच्यात असतं. शेतच समजा. आपण शेताची वाटणी करायची. एका भागात जुनं राहील, दुसऱ्या भागात लिनक्स."

"वाटणी सारखी करायची?"

"हो, निम्मं निम्मं." आणि ती जेवायला घरी गेली.

परत आली तेव्हा डबा उघडा होता. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर डिस्कचे दोन तुकडे होते. शेजारी लोहाराकडून आणलेली लोखंड कापायची करवत. इराप्पाचा सदरा घामाने भिजला होता.

"लई चिवट हाय ओ ताई," तो म्हणाला. "पण वाटणी एकदम सारखी केलीय. दोरी लावून मोजून घेतली. बांधावर जरा चुरा सांडला, तो दोन्हीकडचा सारखाच."

ऋतुजाने करवत उचलून लांब ठेवली. मग म्हणाली, "मामा, यंत्राला हात लावायचा नाही. वाटणीही नको. जे करायचं ते पडद्यावर. मी पेन ड्राइव्ह लावून देते. पडद्यावर 'पुढे' असं लिहिलेलं दिसेल. ते दाबायचं. काही विचारलं तरी पुढे."

"कायबी विचारलं तरी?"

"काहीही. डोकं लावायचं नाही."

"मग आधी सांगायचं न्हाई का," इराप्पा म्हणाला, आणि ते डोक्यात पक्कं बसवलं.

दुसरा संगणक गुरुजींचा होता. म्हणजे त्यावर गुरुजी पत्ते खेळायचे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हा एकच छंद. त्यातला एक डाव दिवाळीपासून अडून राहिला होता. बदामचा राजा कुठे ठेवावा याचा गुरुजी रोज येऊन विचार करायचे आणि न ठेवता घरी जायचे.

इराप्पा समोर बसला. यंत्राने विचारलं, भाषा कुठली? इराप्पाने पुढे दाबलं. यंत्राने विचारलं, देश कुठला? पुढे. यंत्राने विचारलं, यातलं सगळं कायमचं पुसून टाकू? पुढे. यंत्र काही विचारायचं थांबलं तरी इराप्पा थोडा वेळ पुढे दाबत राहिला.

गुरुजी आले. चष्मा पुसून बसले. उठले.

"इराप्पा, माझा बदामचा राजा कुठाय?"

"पुढं गेला, गुरुजी."

ऋतुजा आली. पडद्यावर कुठल्यातरी बर्फाळ देशाची भाषा होती. यादीत सगळ्यात वर तीच होती.

"मामा, ही भाषा मला येत नाही."

"मला तरी कुठं येती? म्हणून तर पुढं गेलो."

गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले. घरातलं कुणी गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. ऋतुजाला वाईट वाटलं. तिने इराप्पाला बाजूला घेतलं.

"मामा, चुकलं माझं. आता हे लक्षात ठेवा. काहीही पुसायच्या आधी ते जपून दुसरीकडे ठेवायचं. सुरक्षित जागी. आधी जपून ठेवायचं, मगच पुसायचं."

"मग आधी सांगायचं न्हाई का."

वर्धापनदिन जवळ आला होता. अण्णांनी हुकूम सोडला, "इराप्पा, सगळं वाचनालय झाडून पुसून घे."

इराप्पाने दिवसभर काम केलं. वाचनालय आरशासारखं झालं. संध्याकाळी चार पाहुण्यांसमोर अण्णांनी कार्यालयातलं आपलं कपाट उघडलं, नवा फेटा दाखवायला. आधी जळमटं बाहेर आली. मागोमाग धूळ आली. ती बराच वेळ येत राहिली. शेवटी एक वाळलेली पाल फेट्यावर पडली.

"हे काय रे?" अण्णा खोकत खोकत म्हणाले.

"वाचनालयातली धूळ. पुसायच्या आधी जपून ठिवली. कुलूप तुमच्याच कपाटाला हाय न्हवं."

"धूळ जपून ठेवलास?"

"परत लागली तर?"

पाहुण्यांनी रुमाल तोंडाला लावले. ते धुळीमुळे की हसू दाबायला, हे अण्णांना ठरवता येईना. म्हणून ते जास्तच चिडले.

"अरे शहाण्या, जे जुनं झालं, कामाचं ऱ्हायलं न्हाई, ते थेट उकिरड्यावर न्यायचं. कुणाला विचारत बसायचं न्हाई."

"मग आधी सांगायचं न्हाई का."

दुसऱ्या दिवशी ऋतुजा आली तर तिसरा संगणक जागेवर नव्हता. तिने गुरुजींना विचारलं. गुरुजींनी बोट दाखवलं. गावाच्या उकिरड्यावर संगणक ठेवला होता आणि त्यावर एक कोंबडी बसली होती. बरीच समाधानी दिसत होती.

अण्णा दारात उभे होते. इराप्पाचं काम त्यांना पहिल्यांदाच आवडलं होतं. "बघ पोरी, त्याला बरोबर कळलं," ते म्हणाले.

ऋतुजाने हातगाडी आणली, कोंबडीला उठवलं, संगणक परत आणला आणि फडक्याने पुसला. मग इराप्पाला समोर बसवलं.

"मामा, जुनं झालं म्हणून काही टाकायचं नसतं. डबा चांगला आहे. डबा तोच ठेवायचा. आतलं जुनं काढायचं, नवं घालायचं. लिनक्स म्हणजे तेवढंच तर आहे."

इराप्पाचे डोळे चमकले. हे त्याला फार आवडलं. "म्हंजे वरनं तेच, आतनं नवं."

"शाब्बास."

कार्यालयाच्या भिंतीवर अण्णांच्या वडिलांचा फोटो होता. संस्थेचे संस्थापक. चौकट सागवानी, भक्कम, पॉलिश केलेली. आत मात्र सगळं पिवळं पडलेलं. कसरीने एक कान खाल्लेला. इराप्पा फोटोसमोर उभा राहिला. चौकट चांगली होती. आतलं जुनं होतं.

सकाळी अण्णा आले. रोजच्यासारख्या वहाणा काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. उदबत्तीचा वास येत होता. मनात काहीतरी पुटपुटून त्यांनी डोळे उघडले. हार ताजा होता. हारातून एक म्हैस त्यांच्याकडे बघत होती. पशुखाद्याच्या कॅलेंडरावरची.

"इराप्पा," अण्णा अगदी हळू म्हणाले, "बाबांच्या जागी म्हैस?"

"मुऱ्हा हाय, अण्णा. चांगल्या जातीची."

"बाबा कुठायत?"

"जपून ठिवलेत. तुमच्या कपाटात, पालीच्या बाजूला."

त्या दिवशी अण्णांचा आवाज बसस्टँडपर्यंत ऐकू गेला. शेवटी त्यांनी इराप्पाच्या नाकासमोर बोट धरलं. "आजपासून अध्यक्षांच्या परवानगीबिगर हितली काडी हलवायची न्हाई. काय करायचं ते आधी अध्यक्षांना विचारायचं. अध्यक्ष 'हो' म्हणले तर हो, 'न्हाई' म्हणले तर न्हाई. कळलं?"

"मग आधी सांगायचं न्हाई का."

काडी हलवायची नव्हती म्हणून म्हैसही भिंतीवरच राहिली. त्या दुपारी इराप्पा तिसऱ्या संगणकावर सराव करायला बसला. ऋतुजा पलीकडे बघत होती. यंत्राने विचारलं, कळफलक कुठला? इराप्पा उठला आणि धावत सुटला.

अण्णा न्हाव्याकडे होते. एका गालाला साबण, दुसरा गाल झालेला.

"अण्णा, कळफलक कुठला?"

"कसला फलक?"

"यंत्र विचारतंय. तुमची परवानगी पायजे."

"घाल कुठला बी."

इराप्पा धावत परत गेला. यंत्राने विचारलं, कुठल्या भागातली वेळ लावू? इराप्पा धावत आला. "अण्णा, वेळ कुठली लावू?"

"हितलीच लाव की. दुसरीकडची वेळ काय करायचीय?"

मग तो अण्णांना दुकानात गाठून गेला. मग घरी जेवताना. मग मोरीच्या दाराबाहेरून, "अण्णा, डिस्क सगळी वापरू की थोडी शिल्लक ठेवू?" अण्णांनी आतून पाणी फेकलं. शेवटी अण्णा घोंगडी पांघरून पडले असताना तो धापा टाकत आला.

"अण्णा, यंत्र म्हणतंय डोंगराचं चित्र लावू का समुद्राचं?"

अण्णा उठून बसले. चिडायला तोंड उघडलं. मग जरा थांबले.

"समुद्राचं लाव," ते म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

इकडे ऋतुजा कपाळाला हात लावून बसली होती. इराप्पा येताना दिसला, जाताना दिसला, परत येताना दिसला. तो गावाला फेऱ्या मारत होता आणि यंत्र प्रश्न विचारत होतं. बघता बघता तिचा राग इराप्पावरून उठला आणि यंत्रावर जाऊन बसला. मग तिथूनही उठला.

"मामा, बसा," ती म्हणाली. "हे एवढं विचारतंच कशाला? ज्यांनी केलं त्यांना सगळं कळतं, म्हणून त्यांना वाटतं सगळ्यांना कळतं. मलाही तसंच वाटत होतं. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मी सांगितलं तेच केलंत."

"तेच तर मी म्हणतोय," इराप्पा म्हणाला.

त्यानंतर ऋतुजा संगणकाच्या खोलीतच राहिली. आई डबा आणून द्यायची. भाषा मराठी, ती तिने आधीच घालून ठेवली. देश, वेळ, कळफलक, सगळं आधीच. जुन्या फायली जपून दुसरीकडे ठेवायचं कामही यंत्रालाच शिकवलं. जेवढे प्रश्न इराप्पाला धावायला लावत होते तेवढे सगळे तिने उपटून टाकले. शेवटी पडद्यावर एकच प्रश्न उरला. "जुनं जपून ठेवून सगळं नवं करू का?" खाली दोन बटणं. एकावर "कर" आणि दुसऱ्यावर "नको".

इराप्पाने "कर" दाबलं. यंत्र गुणगुणलं. थोड्या वेळाने पडद्यावर निळा समुद्र आला आणि खाली स्वच्छ मराठी अक्षरं. इराप्पाने पुन्हा केलं, पुन्हा समुद्र. ऋतुजाने त्याला पुसायला लावलं, परत करायला लावलं. दर वेळी समुद्र. शेवटी गुरुजींनी करून पाहिलं. पाणी भरायला आलेल्या मालूबाईने करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच व्हय? माझा स्टो पेटवायला ह्याहून अवघड हाय."

ऋतुजाला आनंदाने रडू येत होतं. पण शेवटचं एक सांगायचं राहिलं होतं.

"मामा, पासवर्ड तुमच्याकडे राहील. यंत्राचं कुलूप ते. कुणीही विचारलं, कितीही मोठं माणूस असलं, तरी सांगायचं नाही. तोंडच उघडायचं नाही."

"मग आधी सांगायचं न्हाई का," इराप्पा म्हणाला, आणि तोंड मिटलं.

वर्धापनदिन उजाडला. संगणकांच्या खोलीच्या दारापुढेच मांडव घातला होता. निरीक्षक मॅडमना वाट दाखवायला इराप्पाला बसस्टँडवर पाठवलं होतं. जीप आली. केसरकर मॅडमनी काच खाली केली.

"वाचनालय कुठे आहे हो?"

तालुक्याची जीप. म्हणजे बरंच मोठं माणूस. इराप्पाने ओठ घट्ट मिटले.

"इथून डावीकडे का उजवीकडे?"

इराप्पाने आभाळाकडे पाहिलं.

"बोलता येत नाही वाटतं बिचाऱ्यांना," मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या. जीप सरळ गेली आणि पलीकडच्या गावच्या दूध डेअरीत पोचली. तिथल्या लोकांनी त्यांना चहा दिला, हार घातला, दुधाची फॅट मोजून दाखवली. मॅडम वाचनालयात आल्या तेव्हा मांडवातले अर्धे लोक पेंगत होते.

पण इराप्पाने बाकी काही चुकवलं नाही. सगळ्यांसमोर तो संगणकापाशी गेला. त्याच, उकिरड्यावरून आलेल्या. पेन ड्राइव्ह लावला. प्रश्न वाचला, मोठ्याने. "जुनं जपून ठेवून सगळं नवं करू का?" आणि "कर" दाबलं. मॅडमचा चहा संपायच्या आत पडद्यावर समुद्र आला. मांडवात टाळ्या पडल्या. मालूबाईने शिट्टी वाजवली.

मॅडम उठल्या. त्यांनी भाषण छोटं केलं, कारण भूक लागली होती. "मी पुष्कळ वाचनालयं पाहते. इतकं सोपं कुठे पाहिलं नाही." त्या इराप्पाकडे वळल्या. "आता थांबू नका. या संस्थेत जे जे जुनं झालंय, हळू चालतंय, मधेच अडून बसतंय, ते ते याच पद्धतीने बदला."

इराप्पाने मान डोलावली.

मग पंगत बसली. बुंदीचे लाडू होते, मठ्ठा होता. अण्णा हात धुताना ऋतुजाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "झालं ते चांगलं झालं, पोरी. पण ट्रॅक्टर आलाय. मॅडमची जीप वेशीबाहेर गेली की पोती आत."

"अण्णा, तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला होता."

"शब्दच दिला होता. किल्ली कुठं दिली होती?"

बाहेर खरंच ट्रॅक्टर उभा होता, पोत्यांनी भरलेला. ऋतुजाने भरलेलं ताट तसंच ठेवलं. संगणकाच्या खोलीत जाऊन ती त्या समुद्राकडे बघत उभी राहिली.

इराप्पाच्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं, पण लक्ष मॅडमच्या सांगण्याकडे होतं. जुनं काय आहे? टेबल जुनं होतं, पण ते अडून बसत नव्हतं. घड्याळ हळू चालत होतं, पण ते नवं होतं. त्याची नजर फिरत फिरत कार्यालयात गेली.

तिथे अध्यक्षांची खुर्ची होती. सागवानी, भक्कम, फोटोच्या चौकटीसारखीच. डबा एकदम चांगला. आत शिवगोंडा अण्णा होते. लाडू अंगावर आले होते आणि मान एका बाजूला कलली होती. कुठलाही अर्ज त्यांच्यापुढे ठेवला की तिथेच अडायचा, हे इराप्पाला चांगलं माहीत होतं. कारण तो ठेवायला इराप्पाच जायचा.

पण परवानगीशिवाय काडीसुद्धा हलवायची नव्हती. इराप्पा खुर्चीपाशी वाकला.

"अण्णा, जुनं जपून ठेवून सगळं नवं करू का?"

"कर," अण्णा झोपेतच म्हणाले.

ऋतुजाताईंनी दुसरा प्रश्न ठेवलाच नव्हता. इराप्पाने अण्णांना खांद्याचा आधार दिला. "अण्णा, मागच्या खोलीत खाट टाकलीय." अण्णा डोळे न उघडता चालत गेले आणि खाटेवर आडवे झाले. इराप्पाने त्यांच्यावर चादर घातली, डोक्याशी तांब्या ठेवला. सुरक्षित जागा होती. त्याने बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

मग तो संगणकाच्या खोलीत गेला. "ताई, जरा इकडं येता का? एक तपासायचं हाय."

ऋतुजा डोळे पुसत आली. त्याने खुर्ची पुसून पुढे केली. तिला कशातच लक्ष नव्हतं. ती बसली. इराप्पाने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. वरून तेच, आतून नवं. नीट झालं होतं.

तेवढ्यात मॅडम शेरा लिहायला आल्या. गाव मागोमाग आलं. "अध्यक्ष कुठे आहेत?"

"ह्या काय," इराप्पा म्हणाला.

ऋतुजाने दचकून वर पाहिलं.

"आणि सकाळचे?" मॅडमनी विचारलं.

"ते जुने. बदलले. त्यांनीच परवानगी दिली."

"ते आहेत कुठे?" आता गोष्ट कुलपाची होती.

इराप्पाने ओठ घट्ट मिटले. मॅडम गोंधळून गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी चष्मा काढला, हळूहळू पुसला आणि म्हणाले, "मॅडम, एक सांगतो. हा इराप्पा जन्मात कधी खोटं बोललेला नाही."

मॅडमनी पेन उघडलं. "बरं. मग अध्यक्षबाई, संगणकांच्या या खोलीबद्दल संस्थेचं काय ठरलंय? शेऱ्यात लिहायचंय."

ऋतुजा खुर्चीतून उठायला निघाली होती. अर्धवट उठलीही होती. तेवढ्यात तिला खिडकीतून ट्रॅक्टर दिसला. ती परत बसली.

"खोली संगणकांची," ती एका दमात म्हणाली. "आजपासून रोज उघडी. गावातल्या कुणीही यावं, कुणाची परवानगी लागणार नाही. शिपाई इराप्पाच."

मॅडमनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टरवाला दारातून डोकावला.

"पोती कुठं उतरू?"

"अध्यक्षांना विचार," इराप्पा म्हणाला.

"जिथून आणलीत तिथे," अध्यक्ष म्हणाल्या.

ट्रॅक्टर गेला. मागोमाग जीप गेली. टाळ्या मात्र थांबेनात. त्या आवाजाने मागच्या खोलीत अण्णांना जाग आली. दारावर धक्के बसू लागले.

"इराप्पा! दार उघड!"

इराप्पा दारापाशी गेला. "भिऊ नका अण्णा. तुम्हाला पुसलेलं न्हाई. जपून ठिवलंय."

"काय बडबडतोस? मला बाहेर काढ. मला माझ्या खुर्चीवर जायचंय."

इराप्पाने कमरेची किल्ली काढली. कुलपाला लावली. आणि थांबला.

"एवढ्याला जरा दम धरा, अण्णा," तो म्हणाला. "अध्यक्षांच्या परवानगीबिगर हितली काडी हलवायची न्हाई, तुम्हीच सांगितलासा. आत्ता विचारून येतो."

आणि तो धावत कार्यालयात गेला. "ताई, जुने अध्यक्ष बाहेर काढू का?"

ऋतुजाने भिंतीवरच्या म्हशीकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, पलीकडच्या खोलीतल्या पडद्यावरच्या समुद्राकडे पाहिलं.

"थांबा मामा," ती म्हणाली. "जरा विचार करते."

जन्मभर घाई केलेल्या त्या पोरीने त्या दिवशी मात्र अजिबात घाई केली नाही.